झाशीची थकबाकी

झाशीच्या राणीविषयी मराठी माणसाला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. आपली झाशी देण्यास तिने नकार दिला आणि ग्वाल्हेरजवळच्या लढाईत तिला वीरमरण आले. या दोन घटनांमध्ये सुमारे चार वर्षांचे अंतर आहे आणि त्यातील बराचसा काळ राणीच्या हाती तलवार नव्हे, लेखणी होती. अर्ज, खलिते, उत्तरांची प्रतीक्षा आणि वकिलांचे सल्ले यांत तो काळ गेला. त्या काळाकडे आपले इतिहासप्रेम सहसा वळत नाही. प्रशासनाच्या अभ्यासकाला मात्र तोच अधिक बोलका वाटतो. कारण १८५४ नंतर लक्ष्मीबाईंवर एक अशी मागणी बसवण्यात आली की तिचे आजच्या भाषेतील नाव ‘दुसऱ्याचे बिल’ असेच द्यावे लागेल.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या प्रकरणाचे आणखी एका कारणाने अगत्य वाटावे. नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरीकडचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेशव्यांच्या वतीने झाशीचा सुभा त्यांच्याकडे आला आणि बुंदेलखंडात मराठी कुटुंबांची वस्ती वाढली. दूरदेशी, परक्या भाषेतल्या कचेरीसमोर आपला हक्क कसा मांडायचा, हा प्रश्न त्यांनाही पडलेला होता.

प्रथम प्रकरणाची पार्श्वभूमी पाहू. १८१७ मध्ये पेशव्यांचे बुंदेलखंडातील हक्क इंग्रजांकडे गेले आणि त्याच वर्षी कंपनीने रामचंद्ररावांशी तह करून झाशी त्यांच्याकडे व त्यांच्या वारसांकडे वंशपरंपरेने चालेल असे मान्य केले. रामचंद्ररावांनंतर रघुनाथराव गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत संस्थान कर्जात बुडाले आणि १८३८ मध्ये त्यांचे निधन झाले. गंगाधररावांचा वारसा मान्य झाला खरा, पण पुढची काही वर्षे कारभार कंपनीनेच आपल्या हाती ठेवला. म्हणजे, कर्ज हा संस्थानच्या कारभाराचा विषय असतो ही गोष्ट कंपनीला अपरिचित नव्हती. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढे तो उपयोगी पडणार आहे.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधररावांचे निधन झाले. आदल्या दिवशी त्यांनी आनंदराव या आपल्या घराण्यातील मुलाला दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले होते. त्या प्रसंगी कंपनीचे अधिकारी मेजर एलिस हजर होते. विधी शास्त्रोक्त होता, साक्षीदार सरकारी होते, कागद रीतसर होता. तरीही २७ फेब्रुवारी १८५४ च्या आपल्या टिपणीत गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी संस्थान खालसा करण्याचा निर्णय नोंदवला. शेजारच्या ओरछा व दतिया संस्थानांत दत्तक मान्य झाले होते, याकडे राणींनी आपल्या खलित्यात लक्ष वेधले होते. ती संस्थाने मूळची स्वतंत्र आणि झाशी मात्र आश्रित, असा भेद डलहौसींनी केला.

या निर्णयाबरोबर आर्थिक व्यवस्थाही ठरली. किल्ला आणि राज्य सरकारजमा. राणींना दरमहा ५,००० रुपये तनखा आणि राहण्यास शहरातील वाडा. राजाच्या खासगी मालमत्तेबाबत मात्र डलहौसींनी वेगळा विचार केला. राज्यापुरते दत्तविधान अमान्य असले तरी खासगी मालमत्तेपुरते ते हिंदू धर्मशास्त्रानुसार वैध आहे. म्हणून ती मालमत्ता दत्तकपुत्राची, विधवेची नव्हे. त्यानुसार सुमारे सहा लाख रुपये दामोदरराव सज्ञान होईपर्यंत सरकारकडे ठेवण्यात आले. पुढे त्यांच्या मुंजीसाठी त्यांतील एक लाख रुपये मागितले, तेव्हा राणींना चार जामीनदार द्यावे लागले. मुलाच्या पैशातून मुलाची मुंज करण्यासाठी!

आता मूळ मुद्दा. गंगाधररावांच्या मागे काही कर्ज शिल्लक होते. ते कोणी फेडायचे? झाशीचा प्रदेश आता वायव्य प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या अखत्यारीत, म्हणजे आग्र्याच्या जॉन कॉल्विन यांच्याकडे आला होता. त्या सरकारने भूमिका घेतली की हे कर्ज दिवंगत राजाचे असून राणींनी आपल्या तनख्यातून ते फेडले पाहिजे. राणींचे म्हणणे साधे होते. कर्ज संस्थानचे आहे. ज्याने संस्थान घेतले त्याने त्याचे देणेही घ्यावे. हे म्हणणे ऐकले गेले नाही. जॉन के या इंग्रज इतिहासकारानेसुद्धा राणींवर झालेल्या अन्यायांत या वसुलीची गणना केली आहे.

भावना बाजूला ठेवून आपण एखाद्या लेखापरीक्षकाप्रमाणे ही मागणी तपासू. दोनच शक्यता संभवतात. कर्ज संस्थानचे असेल तर ते संस्थान ताब्यात घेणाऱ्या कंपनीने फेडायचे. कर्ज राजाचे खासगी असेल तर ते त्याच्या खासगी मालमत्तेतून फेडायचे. आणि ती मालमत्ता डलहौसींच्याच निर्णयाप्रमाणे दत्तकपुत्राची होती व रोख रक्कम सरकारच्याच ताब्यात होती. कोणतीही शक्यता धरली, तरी विधवेच्या निर्वाहासाठी दिलेल्या तनख्यावर तो बोजा येत नाही. सरकारच्या एका कागदावर राणी वारस नव्हत्या आणि दुसऱ्या कागदावर देणेकरी होत्या. हे दोन्ही कागद एकाच वेळी एका टेबलावर ठेवून पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते.

ही चूक नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण ती आजही होते. बिलातील चुका स्थूलमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिली बेरजेची: आकडा चुकला, शून्य वाढले. ती कारकून सुधारतो. दुसरी दराची: ठरलेल्यापेक्षा अधिक आकारणी झाली. ती दरपत्रक दाखवून सुधारता येते. तिसरी चूक देणेकऱ्याची असते: रक्कम बरोबर, दर बरोबर, पण माणूस चुकीचा. ही चूक सुधारणे सर्वांत अवघड. कारण कागदावर ती चूक दिसतच नाही. ज्याच्या नावे मागणी निघाली आहे, त्यालाच आपण देणेकरी नाही हे सिद्ध करावे लागते, आणि तेही मागणी काढणाऱ्याच कचेरीसमोर. त्यातच वसुली परस्पर निवृत्तिवेतनातून होणार असेल तर कचेरीला घाई नसते. पैसे आधी कापले जातात, उत्तर सवडीने येते.

राणींनी काय केले? प्रथम खलिते लिहिले. ३ डिसेंबर १८५३, १६ फेब्रुवारी १८५४ आणि पुन्हा एप्रिल १८५४. त्यांत तहाच्या कलमांचा आधार आहे, पूर्वोदाहरणे आहेत, आक्रस्ताळेपणा नाही. नंतर त्यांनी जॉन लँग या वकिलाला बोलावले. लँग जन्माने ऑस्ट्रेलियातला. ‘मोफसिलाइट’ नावाचे पत्र तो चालवीत असे. लाला जोतीप्रसाद या लष्करी कंत्राटदाराच्या खटल्यामुळे त्याचे नाव उत्तर हिंदुस्थानात गाजले होते. तोही खटला मुळात बिलाचाच होता. लालाजींनी कंपनीच्या फौजेला रसद पुरवली होती आणि त्यांची फार मोठी रक्कम कंपनीकडे येणे होती. पैसे मिळण्याऐवजी त्यांच्यावर अफरातफरीचा खटला झाला आणि १८५१ मध्ये आग्र्याला लँगने त्यांची निर्दोष सुटका करवली.

या भेटीचा वृत्तांत लँगने आपल्या प्रवासवर्णनात दिला आहे. पडद्याआडून बोलणाऱ्या राणींना त्याने दिलेला सल्ला आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. संस्थान परत देण्याचा अधिकार आता गव्हर्नर जनरलांच्याही हाती राहिलेला नाही, त्यासाठी विलायतेलाच दाद मागावी लागेल. आणि तोवर हरकत नोंदवून तनखा घेत राहावा, असे त्याने सांगितले. यावर राणींनी झाशी न देण्याचे ते प्रसिद्ध उद्गार काढले. लँगचा सल्ला त्या क्षणी त्यांच्या मनाला पटणारा नव्हता. पण पुढे तनखा घेणे त्यांना भाग पडले. विलायतेच्या संचालक मंडळाने त्यांची मागणी १८५४ मध्येच फेटाळली.

येथे या प्रकरणातील खरा दोष हाती लागतो. डलहौसी कठोर होते किंवा कॉल्विन कोत्या मनाचे होते, असे म्हणून भागत नाही. दोघेही त्या काळचे कार्यक्षम अधिकारी मानले जात. दोष रचनेत होता. मागणी काढणारी कंपनी, वसुली करणारी कंपनी आणि तक्रारीचा निवाडा करणारीही कंपनीच. झाशीहून आग्र्याला, आग्र्याहून कलकत्त्याला आणि तेथून लंडनला कागद कितीही फिरला, तरी तो एकाच घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होता. प्रकरण जवळून पाहिलेल्या एलिससारख्या अधिकाऱ्याला निर्णयाचा अधिकार नव्हता आणि ज्यांना अधिकार होता त्यांनी झाशी जवळून पाहिलेली नव्हती.

न्यायालयाची वाट असती तर? याचे उत्तर दुसऱ्या एका मराठी घराण्याच्या प्रकरणातून मिळते. तंजावरचे भोसले राजे शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारले. कंपनीने राज्याबरोबर त्यांची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. त्यांच्या ज्येष्ठ विधवा कामाक्षीबाई यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आणि तेथे त्यांच्या बाजूने निकाल लागला. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. जप्ती ही राज्यसत्तेची कृती आहे. ती न्याय्य असो वा अन्याय्य, न्यायालयाला तीत पडण्याचा अधिकार नाही, असे त्या निकालाचे सार होते. गंमत अशी की १८६२ मध्ये सरकारने तीच खासगी मालमत्ता कुटुंबाला परत केली. जे हक्क म्हणून नाकारले ते मेहेरबानी म्हणून दिले. चूक सुधारली गेली, पण ती सुधारून घेण्याचा अधिकार मात्र कोणालाच मिळाला नाही.

झाशीला तेवढेही झाले नाही. जून १८५७ मध्ये झाशीतील फौज उठली. त्यानंतर राणींनी जबलपूरचे कमिशनर अर्स्किन यांना पत्रे लिहिली. आणि इंग्रज अधिकारी येईपर्यंत जिल्ह्याचा कारभार पाहावा व वसूल गोळा करावा, असे अर्स्किन यांनी त्यांना कळवले. ज्या बाईंना सरकारने कालपर्यंत देणेकरी ठरवले होते, त्यांच्याकडेच संकटकाळी त्याच सरकारचा वसूल सोपवला गेला! वरिष्ठांना हे पसंत पडले नाही. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. कर्जाच्या त्या वसुलीमुळे झाशी लढली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. खालसा करण्याचा घाव त्याहून कितीतरी खोल होता. पण न ऐकलेल्या लहान तक्रारी मोठ्या तक्रारीला बळ देतात, हे नाकारता येत नाही. दामोदररावांनी पुढे इंदूरला निवृत्तिवेतनावर आयुष्य काढले आणि १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले.

या रचनेला पहिली फट पडली ती एका घोड्यामुळे. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत सरकारी कामगार लोखंडाचा एक अवजड भाग वाहून नेत होते. तो पडल्याच्या आवाजाने गाडीचा घोडा बिथरला आणि जखमी झाला. घोडा पी. अँड ओ. या आगबोट कंपनीचा होता. नुकसानीची मागणी ३५० रुपयांची होती. सरन्यायाधीश बार्न्स पीकॉक यांच्या न्यायालयाने १८६१ मध्ये सरकारला जबाबदार धरले. राज्यसत्तेची कृती आणि सरकारचा नित्याचा व्यवहार यांत फरक आहे, आणि नित्याच्या व्यवहारात सरकार हे कोणत्याही व्यापाऱ्यासारखे दाव्याला पात्र आहे, हे तत्त्व त्यातून रुजले. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०० मध्ये शासनावर दावा करण्याची जी तरतूद आहे, तिची परंपरा या काळापर्यंत मागे जाते. राणीच्या खलित्याला जे साधले नाही ते घोड्याच्या बिलाला साधले, हा इतिहासाचा विनोद कडवट असला तरी उद्बोधक आहे.

आज झाशीत महाराणी लक्ष्मीबाई यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९६८ पासून ते चालू आहे. संस्थानांचे खलिते संपले, पण सामान्य माणसाच्या आयुष्यात अवाढव्य, दुर्बोध आणि भीतीदायक मागणी अजूनही येते, आणि ती बहुधा रुग्णालयातून येते. बिलाचा कागद हाती पडतो तेव्हा घरातील माणूस थकलेला असतो, रुग्ण आत असतो आणि वाद घालण्याची ती वेळ नसते. न वापरलेले औषध, पॅकेजमध्ये समाविष्ट असूनही वेगळी लावलेली तपासणी, विमा कंपनीने द्यायची पण रुग्णाच्या नावे पडलेली रक्कम. यांतील शेवटचा प्रकार हा थेट झाशीच्या कर्जाचा वंशज आहे.

फरक इतकाच की आज तिसरा डोळा उपलब्ध आहे. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. १९९५ मध्ये ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याच्या कक्षेत आणली. २०२० पासून अमलात असलेल्या नव्या ग्राहक कायद्यातील एक तरतूद परगावी राहणाऱ्यांसाठी विशेष मोलाची आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील आयोगाकडेही त्याला तक्रार करता येते. वडिलांवर उपचार झाले पुण्यात आणि बिल भरणारा मुलगा राहतो झाशीत, तर बिल भरून सेवा घेणारा ग्राहक या नात्याने त्याला झाशीतूनच दाद मागता येते. मुदत सामान्यतः दोन वर्षांची आहे. रुग्णाची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत, असा दंडक वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत आहे. आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तपशीलवार बिल मिळण्याचा हक्क नमूद आहे.

शासनाच्या स्वतःच्या बिलांबाबतही एक निकाल प्रत्येक निवृत्त कर्मचाऱ्याने माहीत करून घ्यावा. ‘शिव कांत झा विरुद्ध भारत सरकार’ या २०१८ च्या प्रकरणात एका सेवानिवृत्त अधिकाऱ्याचा वैद्यकीय खर्चाचा दावा केंद्रीय आरोग्य योजनेने पूर्णपणे मान्य केला नव्हता. उपचार यादीबाहेरच्या रुग्णालयात झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उपचार प्रत्यक्ष झाला काय आणि त्यास पुरावा आहे काय, हे पाहायचे. रुग्णालयाचे नाव यादीत नाही एवढ्यावरून दावा नाकारता येणार नाही. निवृत्तिवेतनधारकांच्या दाव्यांचा निकाल एका महिन्यात लावण्याची व्यवस्था करण्याचा आदेशही दिला. महाराष्ट्रात २०२० च्या साथीच्या काळात खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर शासनाने बांधून दिले आणि बिले तपासण्यासाठी लेखापरीक्षक नेमले गेले. त्या व्यवस्थेत उणिवा असतील. पण बिल काढणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी ते पाहावे, हे तत्त्व तीत होते.

ज्यांच्यावर अशी मागणी येईल त्यांनी झाशीच्या प्रकरणातून तीन गोष्टी घ्याव्यात. मागणी तोंडी मान्य करू नये. तपशील लेखी मागावा. पैसे भरणे अपरिहार्य असेल तर लँगचा सल्ला आठवावा आणि हरकत लेखी नोंदवून मगच भरावे. त्या एका ओळीने पुढची वाट मोकळी राहते. आणि आपली तक्रार बेरजेची, दराची की देणेकऱ्याची हे पहिल्याच अर्जात स्पष्ट लिहावे. ‘बिल अवाजवी आहे’ या वाक्याला कचेरी उत्तर देत नाही. ‘ही रक्कम माझ्याकडे येणे नाही, कारण अमुक’ या वाक्याला द्यावेच लागते. लक्ष्मीबाईंचे खलिते या दृष्टीने आदर्श आहेत. त्यांचा युक्तिवाद हरला तो त्यात कच्चेपणा होता म्हणून नव्हे; तो ऐकणारा मुळात पक्षकारच होता म्हणून.

आणि आपण जे टेबलाच्या अलीकडे बसतो त्यांच्यासाठी या प्रकरणात एकच गोष्ट आहे, पण ती जड आहे. निवृत्तिवेतनातून वसुलीचा आदेश काढणे हे कचेरीतील सर्वांत सोपे काम असते. समोरचा माणूस पळून जात नाही आणि पैसा आपल्याच हातातून जात असतो. म्हणून त्या आदेशावर सही करण्यापूर्वी या माणसाविषयीचा दुसरा कागदही मागवून पाहावा. एका कागदावर आपण त्याचा हक्क नाकारला असेल, तर दुसऱ्या कागदावर त्याच हक्काचे देणे त्याच्याकडून मागता येत नाही. आग्र्याच्या कचेरीत १८५० च्या दशकात एवढे कोणी केले असते तर इतिहास बदलला असता असे नाही. मात्र एका विधवेच्या तनख्याला हात लागला नसता, आणि प्रशासनाकडून अपेक्षा करावी तर निदान इतकी तरी करावी.